उताणा वास्तुपुरुष

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर आणि चमत्कारांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. माझं माहेर कामशेतचं. घर मसणवट्याच्या वाटेवर होतं आणि लहानपणी त्याच वाटेने मी एकटी विहिरीवर जात असे... भूत तर सोडाच, एखादी धडशी घूससुद्धा कधी आडवी आली नाही. त्यामुळे या सदरात लोक उलट्या पायांच्या बायकांबद्दल लिहून पाठवतात, तेव्हा मी ते वाचून पोट धरून हसते. आज मात्र लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. हसायचं तर खुशाल हसा, मला राग नाही. माझा अनुभव तसा हसण्यासारखाच आहे.

लोणावळ्याच्या बाजारपेठेतून स्टेशनकडे निघालात की एक बोळ लागतो. त्या बोळात आमचं घर. घाटातली रेल्वे होत होती त्या काळात माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, आजोबांनी ते बांधलं. दगडी जोतं, सागवानी खांब, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. इतक्या वर्षांच्या लोणावळ्याच्या पावसाला ते पुरून उरलं आहे. पण मी लग्न होऊन आले तेव्हा आत नुसता काळोख. भर दुपारी माजघरात कोण बसलंय ते खोकल्यावरून ओळखायचं!

मी आले त्याच वर्षी मामंजी पेन्शन घेऊन कायमचे घरी आले. जन्मभर ते बाहेरगावी सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यांच्या घरांत शिरून ‘खिडकी कुठे आहे? मोरी का तुंबली?’ असं विचारण्यात त्यांची हयात गेली होती. आता स्वतःचं घर हाताशी आल्यावर ते थोडेच गप्प बसणार? ‘हवा खेळती पाहिजे’ हे त्यांचं पालुपद. साऱ्या मुंबईचे लोक हवा खायला लोणावळ्याला येतात आणि आपण मात्र इथे राहून कोंडलेलो, हे त्यांना अगदी लागून राहिलं होतं. त्यांनी भिंतींना खिडक्या पाडल्या. नळ घेतला, विजेचे दिवे घेतले. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत कमरेपर्यंत उतरवली. आणि शेवटी जाहीर केलं, की चूल जाणार, तिथे उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा येणार, शेजारी पाण्याची मोरी, वर बल्ब.

सासूबाई कडाडल्या, “उभ्याने स्वयंपाक करायला मी काय हलवाई आहे?”

आमच्या सासूबाई मनाने साखर, पण जिभेवर मिरची. ‘मेलं’, ‘जळलं’, ‘खड्ड्यात जावो’ हे शब्द त्या स्वल्पविरामासारखे वापरत. त्यात राग नसे, सवय असे. बोलून झालं की मात्र लगेच कानाच्या पाळीला हात लावून म्हणत, “अगं बाई, वास्तू तथास्तु म्हणायची!” घराच्या जमिनीत पुरलेला वास्तुपुरुष सारखा ‘तथास्तु’ म्हणत असतो, म्हणून घरात वाईटसाईट बोलू नये, हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असेलच. मामंजी यावर म्हणत, “तो तथास्तु म्हणत असता तर तुझ्या तोंडाने हे घर केव्हाच खड्ड्यात गेलं असतं.”

घरात चौथं माणूस म्हणजे माझी नणंद कुसुम. नणंदेला वन्सं म्हणायचं असतं, पण ती माझ्याहून लहान, म्हणून दोघीच असलो की मी तिला कुसुमच म्हणे. पाचवे आमचे हे. ते कामशेतला भाताच्या गिरणीत नोकरीला. सकाळच्या गाडीने जायचे, दिवेलागणीला यायचे.

कुसुमला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. मराठी शाळेची शेवटची परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली होती. बोळातल्या पोरांना ओसरीवर गोळा करून ती गणितं शिकवायची, तेव्हा तिचं तोंड कसं फुलून यायचं! पण मामंजींकडे, तिच्या नानांकडे, विषय काढला, की ते एकच सांगायचे, “यंदा स्थळ बघायचं आहे.” बस्स. पुढे बोलणं नाही.

एकदा तांदूळ निवडताना ती मला म्हणाली, “वहिनी, भिंतीला ओल आली की नानांना लांबून कळतं. माझं काही त्यांना कळत नाही.” तिचे डोळे भरले होते. मला तिची फार कणव आली, पण नव्या सुनेने सासऱ्यांपुढे काय बोलावं?

ओट्याचं काम करायला आंबीचे धोंडूभाऊ गवंडी आले होते. मोरीचं पाणी बाहेर काढायला स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात खणायचं होतं. धोंडूभाऊंची कुदळ चालू होती, एकाएकी थांबली.

“नाना, जरा हिकडं या. हितं कायतरी लागलंय. तांब्याचं हाय.”

मामंजी लगबगीने गेले. आम्ही बायका त्यांच्या पाठीमागे. मातीत तांब्याची डबी होती, हिरवी पडलेली. झाकण निघून आलं आणि आत बोटभर उंचीची धातूची प्रतिमा. पालथी.

“ह्यो तुमचा वास्तुपुरुष हाय,” धोंडूभाऊ दोन पावलं मागे सरले. “म्या न्हाई हात लावायचा. ज्याचा त्यानं बगावा.”

सासूबाईंनी आधी हात जोडले, मग भटजींना बोलवायला सांगितलं. भटजी नेमके एका लग्नासाठी खोपोलीला गेलेले. थांबू म्हटलं तर एकीकडे सिमेंट कालवून तयार. मामंजींना एक वेळ देव थांबलेला चालला असता, कालवलेलं सिमेंट थांबलेलं चालणार नव्हतं.

“त्यात काय एवढं? मी ठेवतो,” म्हणून ते खाली बसले. नळाला जागा सोडून बाजूला खड्डा केला, डबी लख्ख घासली, प्रतिमा पुसली आणि डबीत ठेवली... उताणी.

“अहो, पालथा ठेवतात!” सासूबाई ओरडल्या.

“पालथा? नाक मातीत घालून?” मामंजी खरोखरच चिडले होते. “इतकी वर्षं गुदमरला नाही हेच आश्चर्य. वर तोंड करून झोपू दे. जरा मोकळा श्वास घेईल.”

आणि झाकणाला खिळ्याने भोकं पाडली! व्हेंटिलेशन! वर शहाबादी फरशी बसली, ओटा उभा राहिला, धोंडूभाऊ चहा पिऊन मान हलवत आंबीला गेले. ही फरशी ओट्याच्या टोकाला, अर्ध्या भिंतीला लागून आहे. हे लक्षात असू द्या, पुढे काम पडेल.

आता खरी गंमत.

माजघरातही नवी फरशी घातली होती आणि ती ओली होती. सासूबाई नव्या ओट्यापाशी उभ्या राहून भाकऱ्या थापत पुटपुटल्या, “आज रांधणारी उभी, उद्या जेवणारेही उभेच राहतील, बघा.” दुसऱ्या दिवशी दुपारी आंदर मावळातून मामंजींच्या ओळखीची मंडळी आली. भाताची झोडणी झाली म्हणून आंबेमोहोराचं पोतं घेऊन आली होती, बायकापोरांसकट. एवढ्या लोकांना बसवायचं कुठे? माजघर ओलं, ओसरीवर वाळू. सगळी पंगत ताटं हातात घेऊन उभ्याने जेवली! त्यातले एक आबा खूश होऊन म्हणाले, “ह्ये बरं हाय मावशी, उभ्यानं लय जातंया पोटात.” मी आणि कुसुम एकमेकींकडे बघायचं टाळत वाढत होतो.

हा योगायोग. मीही तेच म्हटलं.

मग बल्बचं झालं. ओट्यावरचा तो बल्ब सासूबाईंच्या डोळ्यांवर यायचा. तसा दिवेलागणीला बटण दाबलं की त्या बल्बला नमस्कारही करायच्या, पण एका संध्याकाळी वैतागून म्हणाल्या, “चुलीत जावो तुमची ती वीज!” आणि बल्ब होल्डरमधून सुटला तो थेट खालच्या शेगडीत. शेगडी पेटलेली नव्हती. राखेत अलगद पडला, फुटलासुद्धा नाही. माजघरातून मामंजी म्हणाले, “होल्डर सैल असेल.” सासूबाई मात्र त्या फरशीकडे बघत हळूच म्हणाल्या, “ऐकतोय गं बाई हा.”

मग ह्यांनी एकदा गमतीने म्हटलं, की आज गिरणीला सुट्टी मिळाली तर काय बहार येईल. स्टेशनवर गेले तर गिरणीचा माणूस निरोप घेऊन आलेला, पट्टा तुटलाय, आज काम बंद. मी कुसुमला म्हटलं, इतकी हसू नकोस, उचकी लागेल. दुपारभर उचक्या!

तेव्हापासून आमच्या घराची भाषाच बदलली. सासूबाईंची तर बघण्यासारखी. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला त्या दात आवळून म्हणायच्या, “तुझ्या म्हशी उदंड दूध देवोत हो.” मग तरातरा परसदाराबाहेर जायच्या, पेरूच्या झाडापाशी उभ्या राहून त्याचा सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि पदराने तोंड पुसून परत आत. परसात बोललेलं घराला लागू होत नाही, असा त्यांचा हिशेब होता. माझ्या वाट्याला आलेली बोलणीही त्या पेरूच्या झाडानेच ऐकली असतील. घरात मला फक्त ‘गुणाची माझी बाय’ ऐकू यायचं. तेव्हाचे ते दिवस आठवले की अजून मजा वाटते... सगळेच एकमेकांशी चांगलं बोलत होते आणि बोलता बोलता खरोखरच चांगले वागायला लागले होते.

एकटे मामंजी तेवढे मानायला तयार नव्हते. बाजारात, स्टेशनवर, भेटेल त्याला सांगत सुटले, “आमच्या घरातल्या बायकांना वास्तुपुरुषाने झपाटलंय. सगळा खुळेपणा!”

मी कुसुमच्या मागे लागले. “अगं, मग तू का नाही मागत? त्या फरशीवर उभी राहा आणि बोल मोठ्याने.”

तिने मान हलवली. “नको वहिनी.”

“का?”

“मागितलं आणि काहीच झालं नाही तर? मग माझ्याकडे काय उरलं?”

मी तिचा हात हातात घेतला.

आणि तळेगावचं स्थळ आलं. चांगली माणसं, एकुलता मुलगा, तोही सरळ. मामंजींनी मनातल्या मनात अक्षता टाकल्याच होत्या. रविवारी दुपारी मंडळी यायची होती, मुलगा आणि त्याचे आईवडील. सकाळी मी कुसुमची वेणी घातली. नवी साडी, वेणीवर गजरा, आणि चेहरा असा की बघवेना. पाहुण्यांसमोर ती गेली, सगळं पसंत पडलं, की संपलं. पुढचा मुहूर्त, मांडव, आणि कॉलेज कायमचं राहिलं. हे तिलाही कळत होतं, मलाही.

माजघरात बैठक मांडली. पाहुणे खिडकीकडे बसले. मामंजी अर्ध्या भिंतीला टेकून, म्हणजे त्या फरशीच्या अगदी लगत. हे ओसरीच्या दाराशी. मी आणि सासूबाई आत ओट्यापाशी. कुसुम कांदेपोहे देऊन परत निघाली आणि तिला खाली बसायला सांगायच्या आत मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, “मुली, आम्ही आमचंच बोलतोय. तुझ्या मनात काही असेल तर मोकळेपणाने सांग हो.”

हे सगळेच विचारतात. मुलीने मान खाली घालायची असते, एवढंच त्याचं उत्तर. कुसुम रिकामा ट्रे घेऊन अर्ध्या भिंतीला वळसा घालून ओट्याच्या टोकाशी पोचली होती. ती थांबली. मी तिचे पाय बघितले, पावलं बरोब्बर त्या फरशीवर होती. ती वळली आणि म्हणाली,

“मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचंय. शिकवायचंय मला. लग्नाचं नंतर.”

शब्द न् शब्द स्पष्ट. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आता मामंजींचा आवाज चढणार.

आणि तेवढ्यात...

“तथास्तु.”

एवढंच. मोठ्याने नाही, घोगरं नाही, घाबरवणारं तर अजिबात नाही. भरल्या पोटी झकास झोप काढून उठलेला माणूस बोलावा, तसा प्रसन्न आवाज. पुरुषाचा होता. आणि आला तो खालून. मी ओट्यापाशी उभी होते, माझ्या तळव्यांना तो फरशीतून जाणवला. सासूबाईंची बोटं माझ्या दंडात रुतली होती, म्हणजे त्यांनीही ऐकला. हे ओसरीच्या दारातून पुढे आले. सगळ्यांनी ऐकला.

पाहुण्यांनी मात्र साहजिकच मामंजींकडे पाहिलं. आवाज त्यांच्याच बाजूने आला होता, तिकडे दुसरा पुरुष नव्हता. मुलाच्या वडिलांनी मांडीवर थाप मारली. “वा! बाप असावा तर असा! पाहुण्यांसमोर, एका शब्दात! नाना, मानलं तुम्हाला.”

मामंजींचा पोह्यांचा घास तोंडातच होता. त्यांनी फरशीकडे पाहिलं. मग वाकून भिंतीपलीकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी डोळ्यांनीच सांगितलं, आमच्यातलं कोणी नाही.

त्या क्षणी त्यांची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करून मी अजून हसते. ‘मी बोललो नाही’ म्हणावं, तर मग कोण बोललं? आख्ख्या लोणावळ्यात वास्तुपुरुषाची टिंगल केलेला माणूस, तळेगावच्या पाहुण्यांना काय सांगणार, की फरशी बोलली? त्यांनी घास गिळला. दोनदा खाकरले. आणि म्हणाले,

“हो. म्हणालो मी.”

कुसुमच्या हातातला ट्रे खणकन पडला. ती धावत गेली आणि नानांच्या पायांवर डोकंच ठेवलं तिने. हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. मामंजी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले. सासूबाई आत ओट्याला धरून मुसमुसत होत्या, आणि मी मेली वेडी, त्या फरशीवर चमचाभर पोहे ठेवून नमस्कार करत होते. मला तरी दुसरं काय सुचणार?

पाहुणे आनंदात गेले. ते स्थळ पुढे दुसरीकडे जमलं, त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही.

जूनमध्ये कुसुम पुण्याला निघाली. ट्रंक ओसरीवर होती, टांगा बोळाच्या तोंडाशी. ती एकटीच आत गेली, फरशीपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “येते हं.” मी कान टवकारले होते. काही ऐकू आलं नाही. शेगडीवर दूध मात्र उतू गेलं, आणि त्याबद्दल सासूबाई कधी नव्हे ते काहीच बोलल्या नाहीत.

ती आली. शिकून, सर्टिफिकेट घेऊन आली आणि लोणावळ्यातच शाळेत लागली. पुढे तिने आपल्या पसंतीने लग्न केलं, आता दोन पोरांची आई आहे आणि अजून शिकवते.

आवाजाचा छडा लावायचा प्रयत्न आम्ही केला नाही असं नाही. ह्यांचं म्हणणं, मोरीच्या नळातून शेजारच्यांचा आवाज आला असेल. म्हणून एका रविवारी हे बाहेर गटाराशी ओणवे होऊन नळात ‘तथास्तु, तथास्तु’ म्हणून ओरडले. आत आम्हाला नुसती गुळगुळ ऐकू आली आणि बोळातल्या लोकांना ह्यांच्या डोक्याबद्दल शंका आली. शेजारचे तर आवाज आला त्या दिवशी सहकुटुंब कार्ल्याला देवीला गेले होते. सासूबाईंनी भटजींना बोलावून प्रतिमा पालथी करून घ्यायचा विषय काढला, तेव्हा मामंजीच आडवे आले. “असू दे. हवा लागतेय त्याला.”

हळूहळू ते बोलाफुलाला गाठ पडणंही थांबलं. सासूबाई पुन्हा मोकळेपणाने ‘मेलं, जळलं’ करायला लागल्या, पेरूच्या झाडाला उसंत मिळाली. आवाज तर पुन्हा कधीच आला नाही.

कुसुमला पहिला पगार मिळाला त्या दिवशी तिने नानांना उपरणं आणलं. ते खांद्यावर टाकून मामंजी स्वयंपाकघरात आले. मी एकटीच होते.

“सूनबाई, त्या दिवशी ते कोण बोललं?”

मी खालमानेने म्हटलं, “तुम्हीच की, मामंजी.”

“नाही गं.” ते त्या फरशीकडे बघत होते. उपरण्याचं टोक बोटांत फिरवत होते. “मी बोलायला हवं होतं. माझी पोर उभी होती समोर... मी नाही बोललो.”

मग ते वाकले, गुडघे धरत धरत. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना त्या फरशीला हात लावून नमस्कार करताना पाहिलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मामंजी अजून ठणठणीत आहेत. हे लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे, फक्त झाकणाला भोकं पाडल्याचं नीट लिही म्हणाले. विश्वास ठेवत नाही म्हणून सुरुवात केली होती, आताही काय म्हणावं ते कळत नाही. तो आवाज कोणाचा, याचं उत्तर आमच्या घरात कोणाकडेच नाही. वाचकांपैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मात्र जे लिहाल ते चांगलं लिहा. आलेली पत्रं मी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने वाचणार आहे.